समुद्राचा तळ आणि आमचें लेखन

सुटी संपून शाळा उघडल्या कीं आमच्या टेबलावर प्रवासवर्णनांची रास पडूं लागते, हा आमचा बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे. पूर्वीं या राशींत काश्मीर व केरळ यांचा भरणा असे. अलीकडे मालवण-तारकर्लीचा असतो, आणि त्यांतहि समुद्राच्या पोटांत शिरून आल्याचीं वर्णनें अधिक. अंधेरी-बोरिवलीचीं काय, मुलुंड-घाटकोपरचीं काय, सुशिक्षित कुटुंबें मध्यरात्रीच्या गाडीनें दादर सोडतात, दुसऱ्या दिवशीं कुडाळास उतरतात, आणि सिंधुदुर्ग किल्ल्यालगतच्या पाण्यांत पाठीवर हवेची टांकी बांधून, तोंडांत नळी धरून, वाटाड्याच्या हातीं हात देऊन खालीं जातात. या खेळास 'स्कूबा' हें परकें नांव आतां आपल्या घराघरांत रुळलें आहे. ज्यांस पोहतां येत नाहीं अशीं गृहस्थाश्रमी माणसेंहि हें साहस करतात, ही गोष्ट आम्हांस मनापासून आवडते. पाण्याजवळ जाऊं नको असें मुलांना पिढ्यान्‌पिढ्या बजावणारा आमचा मध्यमवर्ग अखेर पाण्याखालीं गेला, याबद्दल त्याचें अभिनंदनच केलें पाहिजे.

परंतु तो खालीं जाऊन काय घेऊन येतो? आम्हीं हीं वर्णनें एकामागून एक वाचलीं तेव्हां असें दिसून आलें कीं, लेखक निराळे, कुटुंबें निराळीं, वर्षें निराळीं, पण वर्णन मात्र एकच. प्रथम पोटांत गोळा. मग कानांत दडा. मग 'एक निराळेंच विश्व'. त्या विश्वांत 'रंगीबेरंगी मासे' असतात, 'जणूं मत्स्यालयच', आणि तेथील शांतता 'शब्दांत सांगतां येत नाहीं'. येथें लेखक वर येतो, गरम चहा घेतो, आणि पुढील परिच्छेदांत कोळंबीच्या जेवणाचें वर्णन मात्र अगदीं तपशिलानें करतो. कोळंबी शब्दांत सांगतां येते आणि समुद्राचा तळ येत नाहीं, हें कां व्हावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण त्यांत आमच्या भाषेची आणि आमच्या किनाऱ्याची अशी दोहोंची हानि गुंतली आहे, असें आमचें मत आहे.

या दोषाचें मूळ एकट्या हौशी लेखकांत शोधणें अन्यायाचें होईल. मराठी वाङ्मयांत समुद्र विपुल आहे, परंतु तो बहुतेक किनाऱ्यावरून किंवा बोटीच्या कठड्यावरून पाहिलेला आहे. सावरकरांनीं १९०९ सालीं ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलेल्या प्रसिद्ध कवितेंतला समुद्र मातृभूमि आणि पुत्र यांच्यामध्यें पसरलेलें अंतर आहे. कुसुमाग्रजांच्या 'कोलंबसाचें गर्वगीत' या कवितेंत तो आव्हान देणारा प्रतिस्पर्धी आहे. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगणा'ची (१९३९) सारी कथा बोटीवर घडते, पण तेथें समुद्र म्हणजे दोन जगांमधला मुदतीचा मुक्काम. या कृतींत उणें काढण्याचा आमचा हेतु नाहीं; ज्यानें त्यानें आपल्या भावनेस लागेल तेवढा समुद्र घेतला. तथापि पृष्ठभागाखालीं काय आहे, हें विचारण्याची गरज त्यांतील कोणासच पडली नाहीं. तळाविषयीं आम्हांला ठाऊक होतें तें पुराणांतलें: समुद्र म्हणजे रत्नाकर, घुसळावा आणि चौदा रत्नें काढावीं. भा. रा. भागवतांनीं ज्यूल व्हर्नच्या कथा मराठी मुलांच्या हातीं दिल्या, तेव्हां पाण्याखालच्या अद्भुताची गोडी लागली खरी. पण तें अद्भुत दूरच्या महासागरांत होतें, आमच्या मालवणास नव्हतें. म्हणून आजचा लेखक पाण्यांत उतरतो तेव्हां त्याच्याजवळ दोनच शब्द असतात, 'खजिना' आणि 'अद्भुत'. दोन्ही शब्द पाहण्याआधींच तयार असलेले.

आतां तेथें खरोखर काय आहे तें पाहूं. सिंधुदुर्ग किल्ल्याचें बांधकाम १६६४ सालीं सुरू झालें व १६६७ मध्यें पुरें झालें. ज्या कुरटे बेटावर तो उभा आहे त्याच्या सभोंवार खडकांची रांग आहे. त्यांतले कांहीं ओहोटीस डोकें वर काढतात, कांहीं कधींच काढीत नाहींत. या खडकांवर प्रवाळें वाढतात. प्रवाळ हें फूल नव्हे, दगडहि नव्हे. ती हजारों सूक्ष्म प्राण्यांची एकत्र वसति आहे, आणि तिचा सांगाडा ते प्राणीच चुन्यापासून रचीत असतात. गोलसर ढिगासारखीं वाढणारीं प्रवाळें वर्षाला कांहीं मिलिमीटरच वाढतात. म्हणजे माणसाच्या डोक्याएवढा गोळा दिसला तर त्याचें वय पाहणाऱ्याच्या वयाइतकें, कदाचित् अधिकहि, असूं शकतें. पाणी प्रमाणाबाहेर तापलें कीं या प्राण्यांच्या अंगांत राहणारीं व त्यांस अन्न पुरविणारीं सूक्ष्म शैवालें निघून जातात आणि प्रवाळ पांढरें पडतें. तें पांढरेपण हौशी डोळ्यास सुंदर दिसतें; वास्तविक तें उपासमारीचें लक्षण होय.

दुसरी गोष्ट रंगाची. पाणी हें प्रकाशाची गाळणी आहे. सूर्याच्या किरणांतला तांबडा रंग पहिल्या कांहीं मीटरांतच शोषला जातो. मग नारिंगी, मग पिवळा. खोल पाण्यांत विजेरीशिवाय तांबडा मासा करडा किंवा काळपट दिसतो. त्यांतून आमचा कोंकणचा समुद्र म्हणजे नद्यांचा गाळ, खाड्यांचें पाणी आणि चार महिन्यांचा पावसाळा पोटांत घेणारा समुद्र. जून ते सप्टेंबर तेथें कोणी उतरत नाहीं. थंडीच्या दिवसांत पाणी निवळतें, तरीहि तें हिरवट असतें, आणि नजर फार दूर पोंचत नाहीं. असें असतां आमच्या टेबलावरच्या प्रत्येक वर्णनांत पाणी 'निळेंशार' आणि मासे 'लालभडक'! हें लेखकाच्या डोळ्यांनीं पाहिलेलें नव्हे. निघण्यापूर्वीं जाहिरातींतल्या चित्रांत पाहिलेलें आहे. टीकाकारास याहून मोठा दोष सांपडावयाचा नाहीं. ज्यानें हिरवें पाणी पाहून निळें लिहिलें, त्यानें आपल्याच अनुभवावर अविश्वास दाखविला. आणि आपला समुद्र परक्या समुद्रासारखा दिसला तरच लिहिण्याजोगा, असें न बोलतां कबूल केलें.

शांततेचेंहि तसेंच. झाक ईव्ह कूस्तो या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यानें एमील गान्यां या अभियंत्याच्या साह्यानें १९४३ सालीं पाण्याखालीं श्वास घेण्याचें सुटसुटीत यंत्र सिद्ध केलें. आजचें स्कूबा त्याचेंच वंशज. पुढें कूस्तोनें आपल्या पुस्तकास आणि १९५६ च्या चित्रपटास 'नीरव जग' अशा अर्थाचें नांव दिलें. नांव सुंदर आहे, आणि तेव्हांपासून सारें जग तें घोकीत आहे. परंतु प्रवाळाचा खडक नीरव नसतो. कपारींतल्या लहान कोळंब्या आपली नांगी आपटतात त्याचा तडतडाट तेथें सारखा चाललेला असतो, कढईंत मोहरी तडतडावी तसा; शिवाय स्वतःच्या श्वासाचे बुडबुडे कानाशीं गडगडतात तें वेगळेंच. जो पाण्याखालीं 'नीरव शांतता' लिहितो तो कूस्तोचें शीर्षक वाचून लिहितो.

हा उपदेश आम्हीं करावा, तर आमची कबुलीहि वाचकांपुढें ठेवली पाहिजे. दोन हिंवाळ्यांपूर्वीं आम्ही स्वतः मालवणास उतरलों होतों. वयाचा विचार करून घरच्यांनीं विरोध केला. पण ज्याविषयीं लिहावयाचें तें एकदां पाहूं, या हट्टानें आम्ही गेलों. बरोबर एक गाबीत तरुण वाटाड्या होता. पाणी सकाळच्या ताकासारखें पातळ धुरकट होतें. दोन वांव खालीं गेलों असूं तोंच कान दुखूं लागले. त्यानें नाक दाबून हवा फुंकावयाची खूण केली, दडा सुटला. पुढें काय पाहिलें तें आम्हांस धड आठवत नाहीं, इतके आम्ही आपल्या श्वासाकडेच पाहत होतों. तोल जाऊं लागला तेव्हां समोरच्या तपकिरी दगडाचा आधार घ्यावा म्हणून आम्हीं हात पुढें केला. त्या तरुणानें तो चटकन धरून मागें ओढला. आम्हांस वाटलें, कांहीं विषारी असावें.

होडीवर आल्यावर उलगडा झाला. तो दगड नव्हता, जिवंत प्रवाळ होतें; आमच्यापासून त्याला धोका होता, त्याच्यापासून आम्हांला नव्हे. मग तो तरुण बोलूं लागला. त्या खडकांत गोबरा राहतो, तांबोशी येते, कपारींत शेवंड असते. भांगाच्या दिवसांत पाणी स्वच्छ मिळतें, उधाणाला मिळत नाहीं. त्याच्या आजोबांना तो खडक पाण्याखालीं असूनहि सांपडे. किनाऱ्यावरचें देऊळ आणि मागचा डोंगर एका रेषेंत आले कीं खालीं तोच खडक, ही त्यांची खूण. त्या खडकाला त्यांचें स्वतःचें नांवहि होतें. तें त्यानें सांगितलें. आणि आम्ही, पाऊणशें पुस्तकांचे परीक्षक, तें लिहून घ्यावयास विसरलों. आमच्या टिपणवहींत त्या दिवशींच्या पानावर एकच शब्द आहे: 'अवर्णनीय'. होडींतल्या छापील पाटीवर तें ठिकाण इंग्रजी नांवानें व अनुक्रमांकानें दिलेलें होतें. आजोबांचें नांव, नातवाची आठवण, पाटीवरचा अनुक्रमांक, असा तो खडक तीन पिढ्यांत कोठून कोठें आला, याचें आम्हांस घरीं आल्यावर फार वाईट वाटलें.

'अवर्णनीय' हा शब्द म्हणूनच आम्हांस संशयास्पद वाटूं लागला आहे. तो नम्रतेचा वेष घेऊन येतो, पण पुष्कळदां तो निव्वळ आळस असतो. वर्णन करावयास शब्द नाहींत ही गोष्ट खोटी आहे. शब्द आहेत, ते आमच्या शब्दभांडारांत नाहींत, गाबितांच्या आणि कोळ्यांच्या जिभेवर आहेत. खडप, कपार, वांव, भांग, उधाण, वागळी, मोरी हे शब्द मराठीच आहेत. पाणबुड्या हा शब्द तर बुडी मारणाऱ्या माणसालाहि लागतो व पक्ष्यालाहि. सुशिक्षित लेखक 'रंगीबेरंगी मासे' म्हणून मोकळा होतो, याचा अर्थ इतकाच कीं त्यानें होडींतल्या माणसास एक प्रश्न विचारण्याचे श्रम घेतले नाहींत.

यावर कोणी म्हणेल, सुटींतल्या हौशी लेखनाकडून एवढी अपेक्षा कशाला? चार घटका करमणूक झाली, पुरे. या आक्षेपास आमचें उत्तर उपनगरांतल्या वाचकांच्या दाराशींच आहे. मुंबईचा किनारी रस्ता बांधावयास घेतला, तेव्हां २०२० सालीं वरळी व हाजी अली येथील खडकांवरच्या १८ प्रवाळ-वसाहती उचलून कुलाब्याच्या नेव्ही नगराजवळ नेण्यांत आल्या, अशी वार्ता वर्तमानपत्रांत आली. ती वाचून आमच्या कित्येक स्नेह्यांनीं आश्चर्य केलें: मुंबईला प्रवाळ आहे? ज्या खडकांवरून ओहोटीच्या वेळीं उभा जन्म फिरलों, तेथेंच तें होतें. कायद्याचें संरक्षण त्यास होतें, म्हणून हलविण्याची तरी व्यवस्था झाली. पण आमच्या कथाकवितांत तें कोठेंच नव्हतें, म्हणून आम्हांस त्याचें असणें आणि जाणें एकाच दिवशीं कळलें. ज्याचें नांव वाङ्मयांत नाहीं, त्याच्या बाजूनें बोलावयास वेळीं कोणी उभें राहत नाहीं.

याची दुसरी बाजूहि आहे, आणि ती सांगितल्यावांचून न्याय होणार नाहीं. मालवणचें पाणी १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालें. क्षेत्र सुमारें २९ चौरस किलोमीटर. त्यास स्थानिक मच्छीमारांनीं विरोध केला, कारण तोच खडक त्यांच्या चुलीचा आधार होता. आज त्याच घरांतले तरुण पाहुण्यांना तो खडक दाखवून पोट भरतात. हा बदल चांगला कीं वाईट, हें एका दिवसाच्या पाहुण्यानें ठरवूं नये. पण लेखकाला एवढें तरी दिसावें कीं आपला हात धरणाऱ्या माणसाचें या पाण्याशीं नातें आहे, आणि तें आपल्या तिकिटापूर्वीपासून आहे. आमच्याकडे आलेल्या वर्णनांत तो माणूस 'आमचा गाईड' एवढ्याच नांवानें येतो, आणि बक्षिशीच्या वाक्यानंतर नाहींसा होतो.

आतां बुडालेल्या जहाजांकडे वळूं. कारण या वर्णनांत 'खजिना' हा शब्द खरा बोकाळतो तो तेथें. गोमंतकाच्या किनाऱ्यावर, मुरगांवच्या आसपासच्या पाण्यांत, दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनीं जुन्या जहाजांचे अवशेष तपासले आहेत. सुंची खडकाजवळ त्यांना हस्तिदंत, पाणघोड्याचे दांत, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे आणि तोफ मिळाली. सतराव्या शतकाच्या आरंभींचें तें पोर्तुगीज जहाज असावें असा निष्कर्ष निघाला. हा माल एकत्र वाचला पाहिजे. हत्ती व पाणघोडा आफ्रिकेकडे बोट दाखवितात, भांडीं चीनकडे. आणि दोघांची गांठ पडते गोव्याच्या दारांतल्या एका खडकावर. एका जहाजाच्या पोटांत त्या काळच्या अर्ध्या जगाचा व्यापार बसलेला होता. येथें सोन्याची एक मोहर नाहीं, तरी वाचणाऱ्यास काय उणें आहे?

सेंट जॉर्ज खडकाजवळचे अवशेष तर वाचन कसें करावें याचा धडाच आहेत. तेथें भाजलेल्या मातीचीं कौलें सांपडलीं, आणि त्यांवर बासेल मिशनच्या कारखान्याची मुद्रा व १८६५ हें साल. उतावळा वाचक म्हणेल, जहाज १८६५ सालीं बुडालें. पण तें साल मंगळूरच्या त्या कारखान्याच्या स्थापनेचें आहे. तें कौलावर छापलेलें असतें, कौल केव्हांहि भाजलेलें असो. म्हणजे जहाज त्यापूर्वींचें नव्हे, एवढेंच त्यावरून ठरतें. पुढचें दुसऱ्या पुराव्यावरून शोधावें लागतें. ग्रंथाच्या मुखपृष्ठावरचें साल आणि ग्रंथाचा काळ यांत गल्लत करूं नये, हें आम्ही परीक्षक नवशिक्यांस सांगतों. तेंच येथें समुद्राच्या तळाशीं सांगावें लागतें. बुडालेलें जहाज हा एक दस्तऐवज आहे. त्यांतली वस्तु घरीं आणावी असें ज्यास वाटतें, तो त्या दस्तऐवजाचें पान फाडतो.

या सर्वांहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. जहाज बुडतें तेव्हां बहुधा माणसें बुडतात. १७ जुलै १९४७ रोजीं, स्वातंत्र्याला महिनाहि उरला नसतां, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. आषाढांतली ती अमावस्या. मुंबईंत नोकरी करणारीं माणसें घरीं चाललीं होतीं. रेवसच्या कोळ्यांनीं आपल्या होड्या घालून कांहींना वांचविलें. आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुळें त्या बाजूच्या गांवांत आहेत. कित्येक घरांत ही गोष्ट आजीच्या तोंडून ऐकलेली असते. परंतु ज्या दुर्घटनेनें एका जिल्ह्यांतल्या घराघरांत सुतक आणलें, तिच्या तोलाची कादंबरी वा दीर्घ कविता मराठीच्या मुख्य प्रवाहांत रुजलेली आम्हांस दिसत नाहीं. गुजराती भाषेनें १८८८ सालीं सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर नाहींशी झालेली 'वैतरणा' ऊर्फ 'वीजळी' बोट लोकगीतांत आणि गुणवंतराय आचार्यांच्या कादंबरींत जिवंत ठेविली आहे. आम्हीं 'रामदास' आजीच्या आठवणींवर सोंपविली, आणि आज्या एकेक करून जात आहेत.

आणि आमची नजर कशी आहे, हें आम्हीं २०११ च्या पावसाळ्यांत घरबसल्या पाहिलें. त्या जून महिन्यांत भंगारांत काढावयास नेलें जाणारें 'विज्डम' हें जहाज ओढदोर तुटून जुहूच्या वाळूंत येऊन रुतलें. जुलैच्या अखेरीस 'पवित' नांवाचें, खलाशांनीं ओमानच्या बाजूस सोडून दिलेलें जहाज महिनाभर एकटें वाहत येऊन जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्यास लागलें. साऱ्या उपनगरांतून माणसें लोटलीं. भजीं, कणसें, मुलें खांद्यावर, जहाजापुढें उभें राहून फोटो. माणसांनीं समुद्रावर यावें यांत गैर कांहीं नाहीं. आम्हीहि गेलों होतों. पण या जहाजावरचे खलाशी कोण होते, त्यांनीं तें कोणत्या रात्रीं सोडलें, ते कोठें गेले, असें विचारणारा त्या गर्दींत आम्हांस कोणी भेटला नाहीं. आम्हींहि विचारलें नाहीं. दहा वर्षांनीं, १७ मे २०२१ रोजीं, तौक्ते वादळांत मुंबईच्या पश्चिमेस तेलक्षेत्रांत कामगारांचा 'पी-३०५' हा तराफा बुडाला आणि त्या अपघातांत सत्तरांहून अधिक माणसें दगावलीं. आमच्या पंख्याला वीज आणि गाडीला तेल पुरविणाऱ्या जगांतलींच तीं माणसें. त्यांच्याविषयीं आमच्या टेबलावर एकहि लेख आला नाहीं.

याच पार्श्वभूमीवर सिंधुदुर्गांतल्या एका नव्या योजनेकडे पाहावें. पोलंडमध्यें बांधलेलें, १९८५ पासून भारतीय नौदलाच्या सेवेंत असलेलें आणि १२ जानेवारी २०२४ रोजीं निवृत्त झालेलें 'गुलदार' हें जहाज निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळीं बसवून त्याचें पाण्याखालचें संग्रहालय करावें, अशी योजना राज्याच्या पर्यटन विकास महामंडळानें हातीं घेतली. लांबी सुमारें ८४ मीटर. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरविणें हें त्याचें काम. जहाजांतलें तेल व घातक पदार्थ काढून, साफ करून, मगच तें खालीं ठेवावयाचें. कालांतरानें त्याच्या पत्र्यावर समुद्रजीव वसति करतील आणि हौशी पाणबुड्यांचा नैसर्गिक प्रवाळावरचा भार हलका होईल, अशी कल्पना आहे. कल्पना अविचारी नाहीं. आमच्यासारख्या आंधळ्या हातांना प्रवाळाऐवजीं पोलाद लागलें, तर तें बरेंच आहे.

आमचा आक्षेप योजनेवर नाहीं, तिच्याभोंवतीं आतांपासूनच जमूं लागलेल्या भाषेवर आहे. 'बुडालेलें जहाज पाहण्याचा थरार' असें तिचें वर्णन होऊं लागलें आहे. पण तें बुडालेलें नसेल, ठेवलेलें असेल. बुडणें आणि ठेवणें यांत जो फरक आहे, तो काशाच्या खडकाजवळ गेलेल्या माणसांच्या घरांना विचारावा. 'गुलदार'ला स्वतःची गोष्ट आहे: त्यानें जवळजवळ चार दशकें सेवा केली, त्यावर किती खलाशांचें तारुण्य गेलें असेल. ती गोष्ट तेथें सांगितली जावो. उसन्या दुर्घटनेचा मुखवटा तिला चढवूं नये. आणि एक शंका मनांत येते ती लपवीत नाहीं: ज्या समाजानें आपल्या खऱ्या बुडालेल्या बोटी वाचल्या नाहींत, त्याच्या हातीं ही सुबक, निर्धोक, आंतून साफ केलेली बोट दिली, तर तो तिलाच समुद्राचा इतिहास समजून चालेल काय? चित्रांतलें निळें पाणी पाहून हिरवें पाणी विसरणाऱ्यांबद्दल ही शंका निराधार म्हणतां येत नाहीं.

असो. टीकाकारानें दोष दाखवून थांबूं नये, अपेक्षाहि सांगावी, असा या पृष्ठांचा रिवाज आहे. आमची अपेक्षा लहान आहे. ज्या कुटुंबांनीं येत्या थंडींत खालीं उतरण्याचें ठरविलें असेल, त्यांनीं उतरावें आणि लिहावेंहि. पाणी हिरवें असल्यास हिरवें लिहावें. भीति वाटली तर किती वाटली तें लिहावें. कांहींच दिसलें नाहीं तर तेंहि लिहावें, कारण गढूळपणा हा या समुद्राचा स्वभाव आहे, आणि स्वभाव सांगणें हेंच वर्णन. वर आल्यावर चहापूर्वीं वहीं उघडून वाटाड्यास विचारावें कीं या खडकाला तुझे आजोबा काय म्हणत. एका घरानें एकेक नांव आणलें तरी पांच वर्षांत आमच्या भाषेला एक तळ मिळेल.

आणि ज्यांना मालवणापर्यंत जाणें नाहीं, त्यांनीं एखाद्या रविवारीं घाटकोपराहून वा मुलुंडाहून निघून भाऊच्या धक्क्यावर यावें आणि रेवसची लाँच धरावी. पाठीवर टांकी लागत नाहीं. लाँच पुढें गेली कीं सारंगास काशाचा खडक कोणता तें विचारावें. तो हात करून दाखवील. खालीं कांहीं दिसणार नाहीं. पाणी चिखलाच्या रंगाचें आहे. मुलांनीं विचारलें कीं तेथें काय आहे, तर मात्र 'कांहीं नाहीं' असें उत्तर देऊं नये.